रक्तातील पेशी आणि पायाचा तळवा

इतवारीच्या घाऊक बाजारात दिवसभर पोती वाहणाऱ्या हमालाच्या तळव्यावर काळा डाग उमटला, तर ते कुरूप असावे किंवा जुना काटा रुतला असावा, असे समजून तो दुर्लक्षिला जाण्याचाच संभव अधिक. क्वचित तो मेलॅनोमा असतो. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा हा कर्करोग आपल्या देशात विरळ आहे. परंतु होतो तेव्हा पुष्कळदा तळव्यावर वा नखाखाली होतो. विख्यात गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्यात त्याचे निदान १९७७ साली झाले आणि १९८१ साली, अवघ्या ३६ व्या वर्षी, त्यांचा अंत झाला.

हा रोग रक्तावाटे यकृत, फुप्फुस, मेंदू गाठतो. कर्करोगाच्या पेशी रक्तात आढळतात, हे ऑस्ट्रेलियातील थॉमस अॅशवर्थ यांनी १८६९ मध्येच नोंदविले होते. आज त्या मोजता येतात. तथापि, एक मिलिलिटर रक्तातील सुमारे ५०० कोटी तांबड्या पेशींत अशी एखादीच पेशी शोधावयाची असते. शिवाय रूढ पद्धत ज्या प्रथिनाच्या खुणेवरून पेशी पकडते, ती खूण मेलॅनोमाच्या पेशींवर सहसा नसते. त्यासाठी निराळ्या खुणा योजाव्या लागतात. सबब, अहवालातील शून्य म्हणजे रोगमुक्ती नव्हे.

आणि आकडा खरा असला तरी तो उपयोगी पडेलच असे नाही. स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगात ७.५ मिलिलिटर रक्तात पाच वा अधिक पेशी सापडणे हे अशुभ लक्षण होय, असे २००४ साली दिसून आले. परंतु उपचारानंतरही संख्या उतरत नाही म्हणून औषध बदलल्याने आयुष्य वाढले नाही, असा निष्कर्ष २०१४ साली अमेरिकेतील चाचणीतून निघाला. नाशिकच्या प्रयोगशाळेच्या अशाच एका रक्तचाचणीला २०२१ साली अमेरिकी औषध प्रशासनाने विशेष दर्जा दिला, याचा अभिमान जरूर बाळगावा. मात्र असा दर्जा परीक्षणाला गती देतो, तो मान्यतेचा दाखला नसतो.

संशोधन चालू राहिलेच पाहिजे. पण निरोगी माणसाला भीती दाखवून महागडी चाचणी विकणे हे संशोधन नव्हे. इतवारीलगत मेयो रुग्णालय आहे; नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे. उणीव आहे ती हमालाचा पाय उलटून पाहणाऱ्या नजरेची. माथाडी कामगारांसाठी १९६९ साली कायदा झाला. त्याखालील मंडळांनी आरोग्यतपासणीत तळवे, नखे पाहण्याचा नियम करावा. वाढणारा, रंग बदलणारा, चिघळणारा डाग दिसताच डॉक्टरकडे जावे, हे शिक्षकांनी वर्गात सांगावे. वेळीच ओळखलेला डाग शस्त्रक्रियेने काढता येतो. रक्तात पसरलेला रोग आवरणे दुर्घट असते. पेशी मोजण्याचे यंत्र इतवारीत येईल तेव्हा येवो. त्याआधी तळव्याकडे पाहण्यास पैसा लागत नाही.