रोशन सिंगची मागची जागा नक्की कोणाची? गोकुळ रोडवरचा वाद आणि विंग बॅकचं काम

हुबळीच्या गोकुळ रोडवर फुटबॉलचा विषय निघाला की दोन तट पडतात. एक बेंगळुरू एफसीचा, दुसरा एफसी गोवाचा. राज्य बघायचं तर बेंगळुरू आपलं, पण ते चारशे किलोमीटर लांब. मडगावचं फातोर्डा मैदान मात्र दोनशेच्या आत. लोंढा, कॅसलरॉक, दूधसागर करत रेल्वेनं गेलं की सामना बघून दुसऱ्या दिवशी कामावर हजर होता येतं. त्यामुळे घरात मराठी, दुकानात कन्नड आणि फुटबॉलमध्ये गोवा अशी माणसं या रस्त्यावर बरीच भेटतात. औद्योगिक वसाहतीतली पाळी सुटली की चहाच्या गाड्यावर त्यांची गाठ बेंगळुरूवाल्यांशी पडते.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये लीग बंद होती, सामने नव्हते, तरी वाद थांबला नव्हता. उलट बघायला काही नसल्यानं जुनेच सामने पुन्हा उगाळले जात होते. आणि त्यात एक नाव हमखास यायचं, ते म्हणजे बेंगळुरूचा डाव्या बाजूचा नाओरेम रोशन सिंग.

गोवावाल्यांचं म्हणणं ठरलेलं. "पुढं पळतोय भारी, पण परत कोण येणार? मागची जागा काय देवावर सोडायची?" बेंगळुरूवाले म्हणतात, "मामा, त्याचा क्रॉस बघा की आधी. असा चेंडू टाकणारा दुसरा भारतीय दाखवा." दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. पण हा वाद एका खेळाडूच्या गुणदोषांवर अडकून पडतो आणि मूळ प्रश्न बाजूलाच राहतो. त्या खेळाडूला नेमकं काम काय दिलं होतं, हे कोणी विचारतच नाही.

रोशन मणिपूरचा. मुळात पुढे खेळणारा, विंगर. २०२१-२२ च्या हंगामात तो बचावफळीच्या डाव्या बाजूला दिसू लागला आणि त्या मोसमाचा उदयोन्मुख खेळाडूचा पुरस्कार त्यालाच मिळाला. गंमत म्हणजे कोरोनामुळे तो अख्खा हंगाम गोव्यातच झाला. फातोर्डा, बांबोळी आणि वास्को इतक्या जवळ असूनही आपल्याकडचं कोणी मैदानात जाऊ शकत नव्हतं. सगळ्यांनी रोशनला घडताना पाहिलं ते मोबाईलवर. मोबाईलच्या पडद्यावर चेंडू जिथे असतो तेवढंच दिसतं. चेंडू दुसऱ्या बाजूला असताना डावा बॅक कुठे उभा आहे, हे कळत नाही. बचावपटूबद्दलची निम्मी मतं अशी अर्धवट चित्रावर बनतात.

त्याचा क्रॉस मात्र पडद्यावरही दिसतो. मार्च २०२२ मध्ये बहरीनविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात भारत १-२ असा हरला, पण भारताचा एकमेव गोल रोशनच्या क्रॉसवर मुंबईच्या राहुल भेकेनं डोक्यानं मारला होता. चेंडू बचावपटू आणि गोलकीपर यांच्या मधल्या पट्ट्यात पडतो, धड याचा नाही आणि धड त्याचा नाही. ही त्याची खरी कमाई. कॉर्नर आणि फ्री किकची जबाबदारी त्याच्याकडे येते तीही त्यामुळेच.

आता दोषाकडे येऊ. समोरासमोर आलेल्या वेगवान विंगरला अडवताना तो कधी कधी फार लवकर पाय घालतो. उलट्या बाजूनं आलेला उंच चेंडू त्याच्या डोक्यावरून जातो, कारण अंगकाठी लहान. आणि चेंडू हरवला की मागे मोकळं रान दिसतं. पहिले दोन दोष त्याचेच, ते मान्य करायला हवेत. तिसरा दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारण्याआधी थोडं थांबावं लागेल.

फुल बॅक वेगळा, विंग बॅक वेगळा

२०२२-२३ मध्ये बेंगळुरूचे प्रशिक्षक सायमन ग्रेसन होते. त्यांनी मागे तीन सेंटर बॅक ठेवले आणि दोन्ही कडांना विंग बॅक दिले, उजवीकडे प्रबीर दास आणि डावीकडे रोशन. या रचनेत विंग बॅककडे अख्खी कड असते, आपल्या कॉर्नरच्या झेंड्यापासून समोरच्या झेंड्यापर्यंत. त्याच्या पुढे वेगळा विंगर नसतो. म्हणजे तो पुढे गेला नाही तर त्या बाजूनं हल्लाच होत नाही. तो पुढे जाणार हे गृहीत धरूनच मागे तिसरा सेंटर बॅक ठेवलेला असतो. रोशन वर असताना मागची जागा भरायची ती त्या बाजूच्या सेंटर बॅकनं आणि तिरक्या धावणाऱ्या मिडफिल्डरनं. त्या मोसमात बेंगळुरूनं ड्युरँड कप जिंकला आणि आयएसएलच्या अंतिम फेरीपर्यंत मजल मारली. फातोर्ड्यावर मोहन बागानशी २-२ बरोबरी झाली आणि पेनल्टीवर हार झाली.

पुढे जेरार्ड झारागोझा आले आणि चार जणांची बचावफळी आली. मग पुढे विंगर आला आणि मागे सेंटर बॅक दोनच उरले. तोच रोशन, तीच कड, पण हिशेब बदलला. तो वर गेला आणि चेंडू गेला, तर एका सेंटर बॅकला बाहेर ओढलं जावं लागतं आणि मधे एकटाच उरतो. कालपर्यंत ज्या धावेला टाळ्या पडत होत्या, तीच धाव आज बेजबाबदार ठरते. माणूस तोच आहे हो, त्याच्या मागचा माणूस कमी झाला.

हे गोवावाल्यांना खरं तर सगळ्यात आधी कळायला हवं, कारण त्यांनी हेच मंदार राव देसाईच्या बाबतीत बघितलंय. म्हापशाचा मंदार धेंपो क्लबमधून वर आला. झिको प्रशिक्षक असताना तो एफसी गोवाचा डावा विंगर होता. सर्जिओ लोबेरा यांच्या काळात तो डावा बॅक झाला. उजवीकडे सेरिटन फर्नांडिस, डावीकडे मंदार, आणि दोघंही इतके वर की घड्याळ्याच्या काट्यासारखे दिसायचे. तेव्हाही हीच ओरड होती, मंदार मागे येत नाही. पण गोव्याकडे अहमद जाहू होता. दोन्ही बॅक सुटले की हा मोरोक्कोचा मिडफिल्डर खाली सरकून सेंटर बॅकच्या ओळीत बसायचा. मंदारचं धाडस जाहूच्या शिस्तीवर उभं होतं.

मार्च २०१९ चा मुंबईतला अंतिम सामना आठवा. जादा वेळेत जाहूला लाल कार्ड मिळालं, गोवा दहा जणांवर आलं आणि ११७ व्या मिनिटाला भेकेनं बेंगळुरूचा विजयी गोल केला. तो गोल कॉर्नरवरचा होता, त्यामुळे सगळं जाहूच्या जाण्यावर ढकलता येणार नाही. पण त्या शेवटच्या मिनिटांत गोव्याचे बॅक मागे चिकटून राहिले आणि संघाची धारच गेली, हे बघणाऱ्याला विसरता येत नाही.

पुढे लोबेरा मुंबई सिटीला गेले. मंदारही गेला, जाहूही गेला, आणि २०२०-२१ मध्ये तिघांनी मिळून लीग शिल्ड आणि चषक दोन्ही घेतले. प्रशिक्षकानं नवा संघ बांधताना बॅकसोबत त्याच्यामागची जागा राखणारा मिडफिल्डरही उचलून नेला, यातच सगळं आलं. सप्टेंबर २०१९ मध्ये दोहात आशियाई विजेत्या कतारला भारतानं ०-० रोखलं, तेव्हा डाव्या बॅकला हाच मंदार होता. "बचाव येत नाही" म्हणून हिणवलेला माणूस. त्या दिवशी त्याला वर जायला सांगितलंच नव्हतं, एवढाच फरक.

टर्फवरची नजर

मग हा गैरसमज इतका पक्का का? माझ्या मते एक कारण आपल्या खेळण्यातच आहे. हुबळीत आणि बेळगावात आता मुलं खेळतात ती बहुतेक जाळी लावलेल्या टर्फवर, पाच-पाच किंवा सात-सात जणांत. चेंडू जाळीला लागून परत येतो. तिथे कड नावाची गोष्टच नाही, ऐंशी-नव्वद मीटर वर जाऊन परत यायचा प्रश्नच नाही. मागची जागा कोणी धरायची हा हिशेब टर्फवर शिकताच येत नाही. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने बघत वाढलेला साधा प्रेक्षकही "कव्हर कुठाय?" म्हणून ओरडतो, कारण त्यानं अकरा जणांचं मोठं मैदान वरून, गॅलरीतून पाहिलेलं असतं. आपल्याकडे मुलाला बॅक करतात ते बहुधा तो पुढे चालत नाही म्हणून. विंगरला बॅक करणं ही बढती असू शकते, हे अजून पचत नाही.

बॅकच्या एका क्रॉसची किंमत गोवावाल्यांना २०२५ च्या एप्रिलमध्ये मोजावी लागली. उपांत्य फेरीचा पहिला सामना बेंगळुरूनं २-० जिंकला होता. ६ एप्रिलला फातोर्ड्यावर गोव्यानं दोन गोल फेडले, दुसरा तर ८८ व्या मिनिटाला. सगळे जादा वेळेच्या तयारीत. तेवढ्यात उजव्या बाजूनं नामग्याल भुतिया या बॅकचा क्रॉस आला आणि चाळिशीच्या सुनील छेत्रीनं तो डोक्यानं आत घातला. एकूण ३-२. त्या क्षणी भुतिया मागे राहिला असता तर गोकुळ रोडवरचे बेंगळुरूवाले त्याला शहाणा म्हणाले असते का? अंतिम सामना पुढे मोहन बागाननं २-१ असा जादा वेळेत जिंकला, ती गोष्ट वेगळी.

पण २०२५ मध्ये मोठी अडचण निराळीच होती. फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला १५ वर्षांचा करार ८ डिसेंबर २०२५ ला संपणार होता. नव्या कराराचं ठरत नव्हतं म्हणून ११ जुलैला कंपनीनं नवा हंगाम स्थगित ठेवत असल्याचं कळवलं. महासंघाच्या घटनेचा विषय तेव्हा सर्वोच्च न्यायालयात असल्यानं महासंघाचेही हात बांधलेले होते. ऑगस्टच्या सुरुवातीला बेंगळुरू एफसीनं पहिल्या संघाचे खेळाडू आणि कर्मचारी यांचे पगार बेमुदत थांबवले. म्हणजे ज्याच्या क्रॉसवर आणि पायावर आपण चहा गार होईपर्यंत भांडतो, त्याचा पगार तेव्हा थांबला होता.

विंग बॅकला याचा फटका जास्त बसतो. स्ट्रायकर एकट्यानं सराव करून धार टिकवू शकतो. बॅकची समज मात्र शेजारच्या सेंटर बॅकसोबत, समोरच्या विंगरसोबत, आठवड्यामागून आठवडा सामने खेळूनच टिकते. कधी वर जायचं, कधी थांबायचं, हे मैदानातच कळतं. रोशनचं वय खेळाच्या दृष्टीनं ऐन भरातलं, पंचविशी ओलांडलेलं. त्याचा लवकर पाय घालायचा दोष सुधारायचा तर तो याच दोन-तीन मोसमांत सुधारणार, आणि त्यातला एक मोसम कधी सुरू होणार याची तारीखच तेव्हा नव्हती.

तेव्हाच्या एका रविवारी गाड्यावर पुन्हा तोच वाद रंगला होता. शेवटी गोवावाल्यांपैकी एक जण म्हणाला, "ते जाऊ दे रे. आधी लीग सुरू होऊ दे. मग रोशन फातोर्ड्यावर आला की शिव्या घालायला मी स्वतः तिकीट काढून जातो." यावर मात्र दोन्हीकडचं एकमत झालं आणि चहाचे पैसे बेंगळुरूवाल्यांनी दिले.