चाकांवरचा जुना संसार

फोक्सवॅगनच्या टी-३ व्हॅनमध्ये वेस्टफालिया कंपनीने थाटलेला संसार पाहिला, की आपली एक खोली-स्वयंपाकघरही ऐसपैस वाटावे! शेगडी, सिंक, फ्रिज, खाली दोघांचा बिछाना आणि छप्पर वर उचलले की आणखी दोघांची सोय. १९७९ साली जर्मनीत आलेल्या या मॉडेलच्या गाड्यांनी आता तिशी केव्हाच ओलांडली आहे.

अशी गाडी हाती आली, की हौशी कुटुंब आधी पडदे बदलते, गाद्यांना नवे अभ्रे शिवते. खरे तर पहिली पाहायची ती मागच्या इंजिनाजवळची पेट्रोलची रबरी नळी. रबर वयाने कडक होते, तडकते. गळणारे पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडले, तर गाडी पेटू शकते. आणि स्वयंपाकाचा गॅसही त्याच गाडीत! नव्या नळ्या आणि क्लॅम्प यांचा खर्च किरकोळच. मग गंज. पत्र्याच्या जोडांत पाणी मुरते; रंगाला फुगवटा आला, की आतला पत्रा खाल्ला गेला असेच धरून चालावे.

दिव्यांसाठी, फ्रिजसाठी दुसरी बॅटरी हवीच, नाहीतर सकाळी गाडी सुरू व्हायची नाही.

बाकी सुधारणा मात्र बेताने. मूळ रूप टिकवलेल्या तीस वर्षांवरील गाडीला जर्मनीत १९९७ पासून ‘एच’ नंबरप्लेट मिळते आणि कर वर्षाला सुमारे १९२ युरोंवर थांबतो. म्हणून सोलर पॅनल छपरावर ठोकण्याऐवजी घडीचा घ्यावा. मुक्कामी तो गवतावर पसरता येतो, निघताना बिछान्याखाली सरकवता येतो.