रेशनच्या बदल्यात वेठ? चालणार नाही!

कास्तकार भावांनो, माय-बहिणींनो,

वेचणीच्या दिवसांत वरोरा-राजुऱ्याकडे पारावर एकच बोलणे ऐकू येते. "फुकटचे रेशन, लाडक्या बहिणीचे दीड हजार! मजूर कशाला येतील? सरकारने यांच्याकडून फुकट काम करून घ्यावे." फेब्रुवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती गवई यांनीही महाराष्ट्राचा दाखला देऊन म्हटले, की फुकट योजनांमुळे शेतीला मजूर मिळत नाहीत.

फुकट कामाच्या या मागणीला आमचा साफ विरोध आहे.

पोटाची अडचण पाहून बिनमजुरीचे काम घेणे, याला आपल्या भागात जुने नाव आहे: वेठ. भामरागड-एटापल्लीच्या माडियांनी साहेबांचे सामान वाहिले, ते याच वेठीत. घटनेच्या २३ व्या कलमाने वेठीला बंदी घातली. दुष्काळी कामावरही किमान वेतनापेक्षा कमी देता येणार नाही, असे सुप्रीम कोर्टाने १९८३ साली राजस्थानच्या खटल्यात ठरवले. आपल्या महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे काढली, १९७७ साली कायदा केला. त्यातही काम केले की दाम, हाच हिशेब होता.

आणि हा रेशनवाला आहे तरी कोण? दोन एकर कोरडवाहूचा धनी, आणि निंदणाला दुसऱ्याच्या वावरात जाणारी त्याची बायको. घरात सातबारा आहे, रेशनकार्डही आहे. आज माणशी पाच किलो धान्यासाठी त्याच्याकडून वेठ मागाल, तर उद्या पीएम किसानच्या ६००० रुपयांसाठी तुम्हालाही रस्त्यावर माती टाकायला बोलावतील. तेव्हा कोणत्या तोंडाने नाही म्हणाल?

मजुराला परवडेल अशी मजुरी आपल्या कापसातून, ज्वारीतून निघत नाही, हे खरे दुखणे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये, ऐन वेचणीच्या तोंडावर, केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क डिसेंबरअखेरपर्यंत उठवले. परदेशी गाठींना दार उघडले ते दिल्लीने, रेशनच्या रांगेतल्या बाईने नव्हे. भांडण लावायचे मजुराशी आणि भाव ठरवायचा दिल्लीत, हा डाव ओळखा.

म्हणून जिल्हा बैठकीत तीन ठराव मांडू:

१) कोणतीही मदत बिनमजुरीच्या कामाशी जोडू नये.
२) काम द्यावे, पण किमान वेतनाने आणि वेळेवर.
३) कापूस-ज्वारीला वेचणी-कापणीची पूर्ण मजुरी धरून भाव मिळावा.

मजुराच्या घामाला दाम नाकारून आपल्या घामाचे दाम मागता येणार नाही. गावागावांतून या, हात वर करून ठराव मंजूर करा.