किल्ली कुणाच्या हाती?

बँकेचा लॉकर एका किल्लीने उघडत नाही, हे बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. एक किल्ली बँकेची, दुसरी खातेदाराची. नोकरीत ही बँकेची किल्ली मी शेकडो वेळा फिरवली. प्रत्येक वेळी रजिस्टरमध्ये सही, तारीख, वेळ. काम कंटाळवाणे खरे, पण त्यात एक अर्थ होता. काही अडले तर ज्याला विचारावे, असा माणूस खातेदाराच्या शेजारीच उभा असे.

जर्मनीत मुलीकडे राहिलो तेव्हा वेगळेच लॉकर पाहिले. पार्सलचे! रस्त्याच्या कोपऱ्यावर पिवळ्या रंगाचे पोलादी कपाट, त्याला लहानमोठे कप्पे. नाव पॅकस्टेशन. २००१ साली डॉर्टमुंड आणि माइन्झ या शहरांत त्यांचा प्रयोग सुरू झाला. आज ती देशभर दिसतात. पार्सलवाला कप्प्यात सामान ठेवतो, तुम्हाला निरोप येतो, तुम्ही सवडीने जाऊन आणता. मुलगी रात्री दहाला कामावरून परतताना पार्सल घेऊनच येई. पार्सलसाठी घरी अडकून बसणे नाही, शेजाऱ्यांना तसदी नाही. पार्सलवाल्याचेही चार जिने वाचतात. अशी सोय नाकारण्यात काहीच शहाणपण नाही.

पण तिथल्या नव्या कपाटांपैकी अनेकांना पडदाच नसतो. स्मार्टफोनमधले ॲप असेल, तरच कप्पा उघडतो. म्हणजे ज्याच्याकडे तसा फोन नाही, त्या एकट्या राहणाऱ्या वृद्धाच्या हाती किल्लीच नाही. कपाट घरापासून शंभर पावलांवर असले तरी त्याला ते बंदच.

आपल्याकडे पार्सल बहुधा दारात येते, नाहीतर वॉचमनच्या खुर्चीखाली मुक्काम करते. तरी आकड्यांचा घोळ इथेही आहेच. ओटीपी कुणालाही सांगू नका, असे बँका कानीकपाळी ओरडतात. आणि दारात आलेला पार्सलवाला तोच मागतो! कोणता आकडा सांगायचा आणि कोणता नाही, हे ऐंशीच्या आजीने ओळखायचे कसे? फसवणारा नेमका याच फटीतून आत शिरतो.

प्रश्न यंत्राचा नाही, जबाबदारीचा आहे. लॉकरच्या बाबतीत बँकांना हात झटकता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली बजावले. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने नवे नियम काढले. चोरी झाली किंवा कर्मचाऱ्याने अफरातफर केली, तर लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपट रकमेपर्यंत बँक जबाबदार. इतकी वर्षे जुन्या व्यवस्थेलाही हे ठणकावून सांगावे लागले. मग फाटकाशी उभ्या राहणाऱ्या पेटीबद्दल आपण गाफील का राहावे?

उद्या तुमच्या सोसायटीत असे कपाट बसवायची टूम निघेल. सभेत चर्चा होईल ती जागेची आणि भाड्याची. तेव्हा उठून तीन गोष्टी विचारा. साधा फोन असलेल्याने कप्पा उघडायचा कसा? गुडघे दुखणाऱ्याचे सामान अगदी तळाच्या कप्प्यात जाणार नाही, हे कोण पाहणार? आणि पार्सल गहाळ झाले, तर कोणत्या माणसाकडे जायचे? ‘ॲपवर तक्रार नोंदवा’ हे उत्तर मान्य करू नका. माणसाचे नाव आणि फोन नंबर कपाटावरच ठळक अक्षरांत लावून घ्या, तसे करारात लिहून घ्या, आणि मगच ठरावाला हात वर करा.