शनिवारी आलेली सुरी

भाचा नागोयाहून आला तो नेमका शनिवारी. बॅग उघडल्या उघडल्या त्यानं कागदात गुंडाळलेली सुरी काढून आईपुढे धरली. आई म्हणाली, "आज नको रे बाबा. शनिवारी लोखंड घरात घेत नसतात. उद्या दे." मग ती पुडी रात्रभर ओसरीवरच्या कोनाड्यात राहिली. रविवारी आईनं आधी नातवाच्या हातावर एक रुपया ठेवला, सुरी पाटावर ठेवायला लावली आणि मग तिथून उचलली. धारेची वस्तू हातातून हातात घ्यायची नाही आणि लोखंड फुकट घ्यायचं नाही, हे तिचे दोन नियम. भाचा थक्क झाला. म्हणाला, "आजी, तिकडेही काही दुकानदार सुरीसोबत पाच येनचं नाणं देतात, नातं तुटू नये म्हणून."

आमच्या तळोद्याच्या घरात जपानी सुरी का आली, त्याचं कारण आईचे गुडघे. गेल्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं, आता मांडी घालून बसायचं नाही. स्वयंपाक ओट्यावर येऊन आम्हाला पंचवीस वर्षं झाली, पण चिरणं खालीच राहिलं होतं. पाट पायाखाली दाबून आई विळीवर बसायची. पाव किलो भेंडी बघता बघता व्हायची, सगळे काप एका मापाचे. मांडी सुटली तशी विळीही सुटली, आणि पन्नास वर्षं भाजी चिरलेली बाई मला विचारू लागली, "एवढी वांगी देतेस का चिरून?" तो प्रश्न मला सोसवत नव्हता.

आधी बाजारातून साधी सुरी आणली. पातळ पत्र्याची, प्लॅस्टिकच्या मुठीची. टोमॅटोची साल दाबल्याशिवाय तिला कापता येईना. एक दिवस गंगाफळावरून ती घसरली आणि आईच्या अंगठ्याला तीन टाके पडले. बोथट सुरी लागते ती अशी. धार नसली की माणूस जोर लावतो, आणि लावलेला जोर कुठे जाईल ते आपल्या हातात राहत नाही. विळीवर आईला इतक्या वर्षांत कधी टाका पडला नव्हता.

म्हणून भाच्याला फोन केला. त्यानं विचारलं, "कुठली आणू? ग्युतो, सांतोकू की नाकिरी?" मला तिन्ही नावं नवी. मग आठ दिवस तेच वाचत बसले. जपानमध्ये बौद्ध वळणामुळे शतकानुशतकं गोमांस वर्ज्य होतं. १८७२ मध्ये मेइजी सम्राटानं ते उघडपणे खाल्लं आणि पाश्चात्त्य धाटणीची मांस कापायची लांब सुरी तिथे रुजू लागली, ती ग्युतो. १८७६ मध्ये सरकारनं तलवार लावून फिरायला बंदी घातली. तलवारी घडवणाऱ्या कित्येक हातांना स्वयंपाकघराकडे वळावं लागलं. सेकी हे नागोयाजवळचं गाव अशा कारागिरांचं, तिथे शेकडो वर्षं तलवारी होत होत्या. सांतोकू त्या मानानं कालची, विसाव्या शतकातली. नावाचा अर्थ तीन गुण: मांस, मासे, भाजी तिन्हीला चालणारी. नाकिरी मात्र जुनी आणि फक्त भाजीची. तिचं पातं आयताकृती, टोक नाही, धार जवळजवळ सरळ.

त्या सरळ धारेनंच माझं ठरलं. वाकड्या धारेची सुरी टोक फळीवर टेकवून झुलवावी लागते. तो झोका मनगटाला लहानपणापासून ठाऊक हवा. नाकिरी नुसती वरून खाली येते आणि सगळी धार एकदम फळीला लागते. मेथी, कोथिंबीर, कांद्याची पात तुटते, शेवटचा धागा लोंबकळत राहत नाही. सत्तरी ओलांडलेल्या हातांना नवं काही शिकवायचं तर ते इतकंच सोपं हवं. आमच्या घरी मटणाचे तुकडे दुकानातच करून घेतात, त्यामुळे तीन गुणांची गरजही नव्हती. मापही बेताचं, सोळा-साडेसोळा सेंटिमीटरचं पातं. त्याहून मोठं आमच्या ओट्यावर मावत नाही.

खरा पेच पोलादाचा होता. जो तो सांगतो, नवख्यानं स्टेनलेस घ्यावं. साधं कार्बन पोलाद गंजतं, लिंबानं काळं पडतं, त्याची निगा ठेवावी लागते. हे खरंच आहे. पण मी आईकडे पाहिलं. या बाबतीत ती नवखी कुठे? आमच्या विळीचं पातं साध्या लोखंडाचं. कैरी चिरली की ते काळं पडायचं, आणि आई लगेच राखेनं घासून, पुसून, उभं करून ठेवायची. पावसाळ्यात तेलाचं बोट फिरवायची. जपानी दुकानदार गिऱ्हाईकाला जी निगा समजावून सांगतात, ती या बाईच्या हातात पन्नास वर्षं मुरलेली आहे. जिच्या घरी लोखंडाची विळी होती, तिनं कार्बन पोलादाला घाबरायचं काही कारण नाही असं माझं ठाम मत झालं. भाच्याला सांगितलं, शिरोगामीची आण. शिरोगामी म्हणजे पांढरा कागद. कारखान्यात ज्या रंगाच्या कागदात हे पोलाद गुंडाळलं जातं त्यावरून नाव पडलं. त्यात कार्बन साधारण एक टक्का किंवा थोडा जास्त, आणि भेसळ फार कमी.

सुरी निवडताना एक प्रश्न कुणी विचारत नाही, तो मला सगळ्यात मोठा वाटतो: हिला धार कोण लावणार? नागोयाला ते अवघड नसेल, पण तळोद्याला? सुरी पाजवता आली नाही तर सहा महिन्यांत तिची ती पत्र्याची सुरी होणार. म्हणून ती घेऊन मी आमच्या लोहारदादांकडे गेले. आपल्या गावाला लोहार नवा नाही. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरमध्ये तळोदा म्हणजे खानदेशातला सर्वांत मोठा लाकूडबाजार आणि उत्तम बैलगाड्या बनवणारं गाव अशी नोंद आहे. गाडी सुताराची असली, तरी चाकावर लोखंडी धाव चढवायला लोहारच लागतो. आता गाड्या गेल्या. दादांकडे वखराची पास शेवटायला येते, ऊसतोडीचे कोयते येतात, डोंगरातून कुऱ्हाडी येतात. ते ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून विळे घडवतात.

त्यांनी सुरी उजेडात धरली, नखावर धार टेकवली. पात्याच्या कडेला एक अंधूक लहरती रेघ होती, तिच्यावर बोट ठेवून म्हणाले, "ताई, हाई दोन लोखंड शेतस." बरोबर होतं. आत कडक पोलादाची पट्टी आणि दोन्ही अंगांनी मऊ लोखंड, अशी ही सुरी घडवतात. धार कडक राहते आणि अंग मऊ असल्यानं पातं मोडत नाही, दगडावर झिजवायलाही सोपं जातं. दादांना हे सांगावं लागलं नाही. मऊ लोखंडाच्या कुऱ्हाडीच्या तोंडाशी पोलाद जोडायचं काम त्यांच्या वडिलांनी केलेलं. मी मोटारीवर फिरणाऱ्या धारेच्या चाकाकडे बोट दाखवलं तर त्यांनी मान हलवली: "चाकवर धरू नका, पानी उतरी जाई." घासताना ठिणग्या उडाल्या की पात्याची पातळ कड तापते आणि लोहारानं दिलेलं पाणी उतरतं, धार पुन्हा टिकत नाही. त्यांनी बारीक दगड काढला, पाण्यानं भिजवला आणि सुरी जवळजवळ आडवी धरून दाखवली. दगड आणि पातं यांच्यात जेमतेम पंधरा अंशांची फट. आता तसाच दगड आमच्या ओट्याखाली आहे. पंधरा दिवसांनी पाच मिनिटं पुरतात.

कडकपणाची किंमत आहे, तीही सांगते. या पोलादाचा कडकपणा रॉकवेल मापावर साठच्या पुढे जातो. सर्वसाधारण जर्मन सुऱ्या छप्पन-अठ्ठावन्नच्या आसपास असतात. त्यामुळे धार टिकते, पण आघात सोसत नाही. माझ्याच हातून घाईत सुकं खोबरं फोडताना कडेचा ज्वारीच्या दाण्याएवढा टवका उडाला. दादांनी तो दोन बैठकांत झिजवून काढला. तेव्हापासून खोबरं, हाडं आणि फ्रिझरमधलं काही तिच्याखाली येत नाही. फळीचाही एक धडा मिळाला. घरात सागाची जुनी फळी होती, सातपुड्याचा साग म्हणून अभिमानानं तीच वापरली. पण सागात सिलिका असते, म्हणजे वाळूचा अंश, आणि तिच्यानं धार लवकर बोथट होते. आता कडुनिंबाची फळी करून घेतली आहे.

आई पहिले आठ दिवस नाकिरी उजव्या हातात घट्ट धरून डाव्या हातानं भेंडीच तिच्याकडे सरकवत होती. विळीची सवय. मी काही बोलले नाही. नवव्या दिवशी सुरी हलली. परवा तिनं मिरच्या चिरल्या, उंच स्टुलावर बसून, इतक्या बारीक की मी चिमटीत घेऊन बघत राहिले. काम संपल्यावर तिनं पातं पदराला पुसलं आणि तेलाचं बोट फिरवलं.

विळी खिळ्याला टांगलेली आहे. नारळ आणला की ती खाली उतरते. तिच्या टोकाला खवणी आहे, ते काम नाकिरीला जमत नाही. तेव्हा पाट मांडून मी बसते आणि आई स्टुलावरून सांगते, "पाय नीट दाब, हलतेय ती."