दुसऱ्याच्या ओंजळीने किती काळ?

भारताने अमेरिकेच्या गोटात एकदाचे रीतसर सामील व्हावे, म्हणजे प्रगत शस्त्रविद्येची दारे आपोआप उघडतील, असा सल्ला राजधानीतील इंग्रजी पंडित गेली काही वर्षे सातत्याने देत आहेत. सामरिक स्वायत्तता हे त्यांच्या लेखी नेहरूयुगातील एक जुनेर. सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया यांनी ‘ऑकस’ कराराची घोषणा केली, तेव्हापासून तर या सल्ल्याला उधाणच आले आहे. अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्या, क्वांटम तंत्रज्ञान, कृत्रिम बुद्धिमत्ता, ध्वनीच्या पाचपटीहून अधिक वेगाने जाणारी क्षेपणास्त्रे, सारे काही मित्रामित्रांत वाटून घेतले जाणार. मग भारतच उंबरठ्याबाहेर का? प्रश्न वरकरणी रास्त वाटतो. मात्र मैत्रीने विद्या मिळते हे ज्या गृहीतावर तो उभा आहे, ते इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.

अमेरिकेला ब्रिटनहून जवळचे कोण? एक भाषा, एक वंशपरंपरा, एकच शत्रू. सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवर जर्मन बॉम्ब पडत असताना हेन्री टिझार्ड यांच्या शिष्टमंडळाने बर्मिंगहॅम विद्यापीठात जन्मलेले मॅग्नेट्रॉन हे उपकरण अमेरिकेच्या हाती ठेवले. विमानात मावेल एवढे प्रभावी रडार त्यामुळे शक्य झाले. पुढे ऑगस्ट १९४३ मध्ये चर्चिल व रूझवेल्ट यांनी क्वेबेक येथे अणुसंशोधनातील सहकार्याचा करार केला आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉस अलामॉसमध्ये राबले. या ऋणाची फेड कशी झाली? युद्ध संपून वर्ष होते न होते तोच, १ ऑगस्ट १९४६ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी मॅकमहॉन कायद्यावर स्वाक्षरी केली आणि ब्रिटनला अणुविद्येचे दार बंद झाले!

ब्रिटनने आक्रोश करीत बसण्याऐवजी जानेवारी १९४७ मध्ये स्वतःचा बॉम्ब बनविण्याचा निर्णय घेतला. देश तेव्हा कर्जबाजारी होता, शिधापत्रिकांवर जगत होता. ऑक्टोबर १९५२ मध्ये माँटे बेलो बेटांजवळ ब्रिटनची पहिली अणुचाचणी झाली, १९५७ मध्ये हायड्रोजन बॉम्बही साधला. आणि मग? ३ जुलै १९५८ रोजी त्याच अमेरिकेने ब्रिटनशी अणुसहकार्याचा करार केला. रशियाच्या स्पुटनिकचा धक्काही त्यामागे होता, हे खरे. पण रिकाम्या हाताने आलेल्या ब्रिटनला तो धक्काही उपयोगी पडला नसता.

‘ऑकस’ची कथा तरी कुठे निराळी आहे? त्यासाठी ऑस्ट्रेलियाने फ्रान्सबरोबरचा बारा पाणबुड्यांचा करार मोडला. नाटोतील मित्रराष्ट्र म्हणवणाऱ्या फ्रान्सला वॉशिंग्टन आणि कॅनबेरा येथील आपले राजदूत माघारी बोलवावे लागले. शिवाय अमेरिकेच्या शस्त्रनिर्यात नियमांतून या दोन सख्ख्या मित्रांना सवलत मिळायला ऑगस्ट २०२४ उजाडले. जवळजवळ तीन वर्षे! तीही सरसकट नव्हे. वगळलेल्या तंत्रज्ञानांची यादी सोबत जोडलेली होतीच. सख्ख्यांची ही कथा, तिथे भारताची काय पत्रास?

भारताचा स्वतःचा अनुभव तर याहून कडू आहे. १९९१ मध्ये रशियाच्या ग्लाव्हकॉसमॉसशी क्रायोजेनिक इंजिनांचा करार झाला. अमेरिकेने मे १९९२ मध्ये ‘इस्रो’वर निर्बंध लादले आणि १९९३ मध्ये रशियाने तंत्रज्ञान देण्यास नकार दिला. तयार इंजिने घ्या, विद्या मागू नका, असा तो सौदा. स्वदेशी क्रायोजेनिक टप्प्याचे यशस्वी उड्डाण झाले ते ५ जानेवारी २०१४ रोजी. हवा तो महासंगणक नाकारला गेला, तेव्हा पुण्यात ‘सी-डॅक’ने १९९१ मध्ये ‘परम’ उभा केला. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर ‘तेजस’च्या उड्डाण-नियंत्रण प्रणालीवर अमेरिकेत काम करणाऱ्या भारतीय अभियंत्यांना परत पाठविण्यात आले. तरीही ४ जानेवारी २००१ रोजी ‘तेजस’ने आकाशात झेप घेतली.

याचा अर्थ सहकार्य त्याज्य आहे, असा नव्हे. फेब्रुवारी १९९८ च्या करारातून जन्मलेले ‘ब्रह्मोस’ हे सहकार्याचेच फळ. त्यात भारताचा वाटा ५०.५ टक्के आहे आणि मार्गदर्शन प्रणालीची बाजू भारताने पहिल्यापासून सांभाळली. तेच क्षेपणास्त्र आज फिलिपाइन्सला निर्यात झाले आहे. याउलट पाचव्या पिढीच्या लढाऊ विमानाच्या प्रकल्पात भारताने प्राथमिक आराखड्यासाठी रशियाला सुमारे साडेएकोणतीस कोटी डॉलर दिले आणि २०१८ मध्ये हात हलवीत बाहेर पडला. भागीदार तोच, रशिया! पहिल्या प्रकल्पात भारत विद्या घेऊन बसला होता, दुसऱ्यात केवळ थैली घेऊन.

आणि आज नेमके तेथेच घोडे अडले आहे. ‘तेजस’ स्वदेशी, पण त्याचे हृदय अमेरिकी. ऑगस्ट २०२१ मध्ये जनरल इलेक्ट्रिककडे ९९ इंजिनांची मागणी नोंदविली. त्यातील पहिले मार्च २०२५ मध्ये आले. दरम्यान, सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झाले आणि ४२ तुकड्या मंजूर असलेल्या वायुदलाकडे उरल्या २९. महत्त्वाच्या तंत्रज्ञानातील सहकार्याचे ढोल जानेवारी २०२३ मध्ये वॉशिंग्टनमध्ये वाजले होते. त्याच वॉशिंग्टनने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत आयातशुल्क लादले. सीमेवरच्या वैमानिकाने इंजिनासाठी कोणत्या राष्ट्राध्यक्षाच्या लहरीची वाट पाहायची?

दोष केवळ परक्यांचा म्हणणे ही आत्मवंचना ठरेल. ‘कावेरी’ इंजिनाला १९८९ मध्ये मंजुरी मिळाली, सुमारे ३८२ कोटींची. उड्डाणावस्थेतील चाचणीसाठी देशात विमान नव्हते. २०१० मध्ये ते इंजिन रशियात नेऊन तेथील विमानावर बसवावे लागले. अपेक्षित जोर मिळाला नाही, म्हणून २००८ मध्येच ते ‘तेजस’पासून वेगळे करण्यात आले होते. संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्काही खर्च न करणाऱ्या देशात, अतितप्त वायूत टिकणारी एकस्फटिकी पाती कोठून यावीत? आडात नाही ते पोहऱ्यात कसे येणार?

ऑगस्ट २०२५ मध्ये संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी फ्रान्सच्या साफ्रानबरोबर लढाऊ विमानाचे इंजिन भारतात घडविण्याचे सूतोवाच केले. स्वागत करावे असेच ते पाऊल आहे. परंतु ‘ऐतिहासिक’ हे विशेषण वापरण्यापूर्वी काही गोष्टी स्पष्ट व्हायला हव्यात: इंजिनाच्या तप्त गाभ्याच्या आराखड्यांवर मालकी कोणाची राहणार, त्यात बदल करण्यासाठी पॅरिसची अनुमती लागणार की नाही, आणि ‘कावेरी’वर साडेतीन दशके घाम गाळलेल्या बंगळुरूच्या शास्त्रज्ञांना या टेबलावर कोणती खुर्ची मिळणार.