अभयारण्याचा आराखडा ग्रामसभेत आला पाहिजे

मुरुडहून बार्शीच्या रस्त्याला लागले की तासाभराच्या आत येडशी येते. बालाघाटाच्या रांगेतील तेथले झुडपी जंगल १९९७ साली ‘येडशी रामलिंग घाट अभयारण्य’ म्हणून घोषित झाले. त्याचे क्षेत्र अवघे २२ चौरस किलोमीटरांच्या आसपास. श्रावणात रामलिंगाच्या दर्शनाला आसपासच्या जिल्ह्यांतून माणसांची रीघ लागते. रावणाशी झुंजलेल्या जटायूची समाधी येथेच आहे, अशी लोकांची श्रद्धा आहे. या टीचभर रानात डिसेंबर २०२४ मध्ये वनखात्याच्या कॅमेऱ्यात एका वाघाचे छायाचित्र टिपले गेले. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून सुमारे ५०० किलोमीटरांची वाटचाल करून तो येथवर आला होता.

पुढच्या घटना आपणा सर्वांना ठाऊक आहेत. धाराशिव आणि बार्शी तालुक्यांतील गावांत गुरे मारली गेली. वीज रात्रीची येते म्हणून रात्रीच पिकाला पाणी द्यावे लागणारा शेतकरी शेतावर जायला धजेना. वाघाला पकडून सह्याद्रीत हलविण्याचे ठरले, ताडोब्याचे पथक आले, आठवड्यांमागून आठवडे गेले. वाघ हाती लागला नाही. तो आपल्या वाटेने आला आणि आपल्या मर्जीने फिरला. पण त्याच्या येण्याने एक जुना प्रश्न पुन्हा उघडा पडला आहे. या रानाचा पुढील दहा-वीस वर्षांचा कारभार कसा चालावा, हे ठरवायचे कोणी?

वन्यजीव संरक्षणाचा कायदा संसदेने १९७२ साली केला. त्याच वर्षी मराठवाडा भीषण दुष्काळात होरपळत होता आणि येथला शेतकरी व शेतमजूर पोटासाठी दुष्काळी कामांवर खडी फोडत होता. कायद्याचा हेतू निःसंशय चांगला होता. शिकार आणि बेसुमार तोड यांना आळा बसणे अगत्याचेच होते. परंतु रानाच्या कडेला राहणारा माणूस या कायद्याच्या दृष्टीने प्रथम एक संभाव्य गुन्हेगार होता. त्याचे हक्क चौकशी करून निकालात काढावयाचे होते. त्याचे मत घ्यावयाचे नव्हते. पुढील कित्येक वर्षांचा कारभार याच दृष्टीने चालला.

त्याचा परिणाम आपल्या शेजारीच पाहायला मिळतो. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली सोलापूर व नगर जिल्ह्यांत अभयारण्य घोषित झाले, ते तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरांचे. नकाशावर रेघ ओढताना त्यात गावे, पेठा, रस्ते आणि हजारो शेतकऱ्यांच्या खासगी जमिनी आल्या. अभयारण्याच्या नावाने जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली आणि माळढोक म्हणजे सातबाऱ्यावर बसलेले संकट, अशी लोकांची भावना झाली. अखेर २०१२ साली हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरांपर्यंत घटविण्यात आले. मधल्या तेहतीस वर्षांत पक्षी मात्र वाचला नाही. ऊस पसरला, विजेच्या तारा आल्या, माळ मोडले. आज नान्नजच्या माळावर माळढोक दिसणे हीच बातमी ठरते. माळढोकाला झाडी नको, उघडे गवत हवे, हे त्या माळावर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे चारणाऱ्या धनगराला सांगावे लागत नाही. त्याला कोणी विचारले असते, तर गवताळ माळावर झाडे लावण्याचा उत्साह तरी वेळीच आवरता आला असता.

आता कायदाही थोडा बदलला आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. २००३ च्या दुरुस्तीने अभयारण्यासाठी सल्लागार समिती नेमण्याची तरतूद केली. तीत पंचायत राज्य संस्थांचे तीन प्रतिनिधी असावेत आणि लोकांच्या सहभागाबाबत या समितीने सल्ला द्यावा, असे कायदाच म्हणतो. २०२२ च्या दुरुस्तीने आणखी एक पाऊल टाकले. जेथे २००६ चा वनहक्क कायदा लागू आहे, तेथील अभयारण्याचा व्यवस्थापन आराखडा संबंधित ग्रामसभेशी रीतसर विचारविनिमय करून तयार झाला पाहिजे. वनहक्क कायदा महाराष्ट्रभर लागू आहे. सबब हा विचारविनिमय म्हणजे सरकारने केलेली मेहेरबानी नव्हे. ते सरकारचे कर्तव्य आहे.

पण कायद्यातला शब्द आणि चावडीवरचा अनुभव यांतले अंतर मराठवाड्याला नवे नाही. असे आराखडे सामान्यतः इंग्रजीत लिहिले जातात आणि कचेरीच्या कपाटात राहतात. ग्रामसभेच्या इतिवृत्तावर सह्या घेतल्या की विचारविनिमय झाला, असे मानणारी नोकरशाही आपल्या परिचयाची आहे.

आणि दोष एकट्या नोकरशाहीला देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. ग्रामसभेत बोलतो कोण? ज्याच्याकडे ऊस आहे, विहीर आहे आणि पुढाऱ्याकडे ऊठबस आहे, तो. सरपणाची मोळी आणणारी बाई, दोन शेळ्यांवर संसार चालविणारी विधवा, मेंढपाळ, रानाची खडान्‌खडा माहिती असूनही चोर ठरविला गेलेला पारधी, हे सारे कोपऱ्यात उभे असतात किंवा आलेलेच नसतात. रानावर ज्यांचे पोट सर्वांत अधिक अवलंबून आहे, त्यांचाच आवाज सर्वांत क्षीण असतो. ‘लोकांचे मत’ या नावाखाली खडीच्या खाणीचा ठेकेदार आणि जमिनीचा दलाल यांचे मत नोंदले जाणार असेल, तर त्या लोकसहभागात लोक कोठेच उरणार नाहीत.

काही निसर्गप्रेमी मित्र म्हणतील की गावाच्या हाती कारभार दिला तर रान उरणारच नाही. ही भीती अगदीच निराधार नाही. लातूर हा राज्यातील सर्वांत कमी वनक्षेत्राच्या जिल्ह्यांपैकी एक आहे आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे याच मुरुडच्या रुळांवरून लातूरला गेली, हे आम्ही विसरलेलो नाही. बालाघाटावरचे उरलेसुरले रान आम्हांला चैनीचे वाटत नाही. म्हणून आमची भूमिका स्पष्ट आहे: अभयारण्य असावे की नसावे, हा प्रश्न एखाद्या सभेच्या हात वर करण्यावर सोडता येणार नाही. परंतु गवत कोणत्या महिन्यात कापावे, गुरांना कोठवर मुभा असावी, पाणवठे कोठे करावेत, यात्रेच्या गर्दीला शिस्त कशी लावावी, रानडुकरांनी नासलेल्या पिकाचा पंचनामा किती दिवसांत व्हावा, पाहरेकऱ्याचे काम कोणत्या गावच्या तरुणाला मिळावे, हे सारे प्रश्न गावाचेच आहेत. त्यांची उत्तरे दूरच्या कचेरीत बसून शोधता येत नाहीत.

यासाठी आमच्या मागण्या साध्या आहेत. आराखड्याचा मसुदा मराठीत छापून अभयारण्याभोवतीच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत ठेवावा आणि तो सभेत मोठ्याने वाचला जावा. वाचनानंतर किमान दोन महिन्यांची मुदत द्यावी. ती सुगीच्या दिवसांत असू नये. स्त्रियांची, भूमिहीनांची आणि मेंढपाळांची सभा स्वतंत्र घ्यावी. आलेली प्रत्येक सूचना स्वीकारली की नाकारली, आणि नाकारली तर का, याचे लेखी उत्तर गावाला मिळावे. सल्लागार समितीतील पंचायतींच्या तीन प्रतिनिधींची नावे व सभांची इतिवृत्ते जाहीर व्हावीत. आणि दर वर्षी आराखड्याचा हिशेब ग्रामसभेपुढे मांडला जावा.

यांपैकी कोणतीही गोष्ट तिजोरीला जड जाणारी नाही. तिला लागतो तो लोकांवरचा विश्वास, आणि नेमक्या त्याच बाबतीत आपले शासन सदैव दरिद्री राहिले आहे. ज्या शेतकऱ्याचा बैल वाघ नेतो, त्याला वाघाच्या रक्षणाविषयी बोलण्याचा पहिला अधिकार आहे. तो अधिकार त्याला मिळाला, तर वाघाचा तोच सर्वांत भरवशाचा राखणदार होईल. नाकारला गेला, तर येडशीच्या घाटात नान्नजचीच कहाणी पुन्हा लिहिली जाईल.